माथेरानच्या डिझेल इंजिनाचं चालतं मॉडेल : जपानी एन गेज चॅसीवर जमेल का?

डोंगरवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढू काढू म्हणत होतो, आज मुहूर्त लागला. मला नेरळ-माथेरान गाडीच्या एनडीएम६ इंजिनाचं छोटं मॉडेल करायचंय आणि ते रुळावर चालणारं हवंय, काचेच्या कपाटातलं नको. तयार मॉडेल माझ्या तरी कुठे पाहण्यात आलं नाही, त्यामुळे घरीच खटपट करायची.

डोक्यात असं आहे की एन गेजची एखादी तयार चॅसी घ्यायची, म्हणजे मोटर, गिअर, चाकं सगळं बसवलेलंच मिळतं, आणि वरची बॉडी आपण बनवायची. एन गेजमध्ये दोन रुळांमधलं अंतर ९ मिमी. त्याच रुळांवर बॉडी मोठ्या स्केलची ठेवली की गाडी आपोआप नॅरो गेज दिसते. युरोपात १:८७ ला हे करतात त्याला एचओई म्हणतात, इंग्लंडात १:७६ ला करतात ते डबल-ओ-नाइन.

तर प्रश्न असे. एनडीएम६ ला दोन बोग्या (डबे नव्हे, इंजिनाखालचे वळणारे चाकांचे गाडे), चार आस, मग कुठली चॅसी घ्यावी? खऱ्या लाइनीला १:२० चढ आहे आणि मलाही लेआउटवर तेवढाच ठेवायचाय, तर एवढंसं इंजिन चार डबे ओढेल का? आणि तिसरं म्हणजे हे सगळं इथे बसून परवडणाऱ्या पैशात होतं का, की नुसतं यूट्यूब बघून समाधान मानायचं?

शेवटचा_बाक

पहिला मी!
चढ १:२० ठेवा, बोगदा 'वन किस' ठेवा, आणि पावसाळ्यात लेआउट बंद ठेवा. मग म्हणेन अस्सल माथेरान.

गार्डाचा_डबा

विषय आवडला. पण चॅसीच्या आधी स्केल ठरवा साहेब. माथेरानचं गेज दोन फूट, म्हणजे ६१० मिमी. १:८७ मध्ये ९ मिमीचा रूळ म्हणजे खऱ्यातले ७८३ मिमी होतात. १:७६ घेतलंत तर साधारण ६८५. दोन्हीकडे गाडी पाय फाकून उभी असल्यासारखी दिसणार. नॅरो गेज बघताना डोळ्याला पहिलं काय जाणवतं तर अरुंद रूळ आणि त्यावर बाहेर लोंबणारी बॉडी. तेच गेलं तर मग राहिलं काय?

६१० भागिले ९ करून बघा, १:६८ येतं. त्या स्केलला बॉडी बनवा, रूळ अचूक बसेल.

डोंगरवाट

@गार्डाचा_डबा, १:६८ ला माणसं, झाडं, घरं, स्टेशनवरचे बाक कुठून आणू? काहीच तयार मिळणार नाही.

गार्डाचा_डबा

माकडं १:७६ ची चालतील, माकडांमध्येही लहानमोठी असतात :)

सोलापुरी_चटणी

काय राव, ६१० मिमीच्या मागं लागून एवढा हिशोब कशाला करताय? आमची बार्शी लाइट रेल्वे करा की. गेज अडीच फूट, ७६२ मिमी. भागिले ९, उत्तर १:८५. म्हणजे एचओ मध्ये (१:८७ स्केलला) जवळजवळ जसंच्या तसं बसतंय, काही ताणायला नको की फाकवायला नको. कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर, मिरज, अख्खा लेआउट तयार आहे डोक्यात. आणि वारकरी एचओ मध्ये रंगवून काढता येतात.

बाकी लोकांना माथेरानची तेवढी माहिती, बार्शीचं नाव कोण घेत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

बार्शीवाल्यांनो, आमची शकुंतला बी ७६२ मिमीचीच हाय बरं. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर. १९२१ सालचं मँचेस्टरचं झेडडी इंजिन १९९४ पर्यंत धावलं, मंग डिझेल आलं. लहानपणी तिच्यातनं उतरून लोक शेतात जाऊन पुन्हा चढत, हे आम्ही सोताच्या डोळ्यानं पाह्यलं हाय. तेवढ्या स्पीडचं मॉडेल कराचं असन तर मोटर बी नाई लागत, हातानं लोटलं तरी चालते.

लीड्सकर

बार्शीचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. मी लीड्सला राहतो आणि बार्शीची ए वर्गाची ०-८-४ (पुढे एकही नाही, मधे जोडलेली आठ, मागे चार चाकं) टँक इंजिनं बनवणाऱ्या किटसन कंपनीचा कारखाना इथल्याच हनस्लेट भागात होता. ही रेल्वे आखणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याचा हट्ट असा की इंजिन असो, डबा असो, वाघिण असो, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. इंजिनाला जोडलेली चाकं आठ का, तर म्हणून. १८९७ ला बार्शी सुरू झाली आणि तिथे जमलेलं सगळं घेऊन तो इकडे लीक अँड मॅनिफोल्ड लाइनीवर आला, ती १९०४ ची. तिची दोन इंजिनंसुद्धा किटसनचीच, २-६-४ टँक, आणि समोर भलेमोठे हेडलाइट, जे इथे स्टॅफर्डशरच्या दऱ्याखोऱ्यांत कुणाला लागत नव्हते. ती लाइन १९३४ ला बंद पडली पण इथले मॉडेलवाले अजून ती इंजिनं बनवत असतात. बार्शी बनवणारा मात्र मला प्रदर्शनात एकही दिसला नाही.

धागाकर्त्याला एक सांगतो. इथे डबल-ओ-नाइन सोसायटी १९७३ पासून आहे, आणि प्रदर्शनांत त्यांचा जुन्या सामानाचा स्टॉल असतो. तिथे बॉडी तुटलेली, चॅसी धडधाकट असली एन गेजची इंजिनं स्वस्तात मिळतात. जुनी मिनीट्रिक्स, ग्रॅहम फॅरिश, आर्नोल्ड. इथली निम्मी नॅरो गेज इंजिनं असल्याच चॅसींवर उभी आहेत, वर पांढऱ्या धातूची ओतीव बॉडी. पण ती बहुतेक वाफेची, तीन आसांची. तुम्हाला बोगीवाली हवी.

खटपट्या

डोंगरवाट, मूळ प्रश्नाकडे येतो, कारण इथे सगळे आपापल्या गावची गाडी पुढे दामटायला लागले.

तयार चॅसी घ्यायची तर माझ्या मते तीन वाटा. पहिली, कातो या जपानी कंपनीची पॉकेट लाइनवाली छोटी चॅसी. दोन आस, आखूड, मजबूत, मस्त चालते. पण ती एनडीएम६ ला उपयोगाची नाही, कारण तुमचं इंजिन बोगीचं. लोक अशा दोन चॅसी एका बॉडीखाली घालायला बघतात, त्या बोगी म्हणून फार लांब पडतात आणि मधोमध मोटरचा उंचवटा येतो. तिच्यावर कारखान्यातलं चार चाकी शंटर (डबे इकडेतिकडे हलवणारं छोटं इंजिन) करा, साखर कारखान्याचं करा, झकास होईल.

दुसरी वाट टोमीटेकची टीएम मालिका. हे लोक डब्यांचे शोपीस विकतात आणि त्याखाली बसवायला पॉवर युनिट वेगळं विकतात. मोटर मधोमध आडवी, तिथून शाफ्ट बोगीकडे, बोगीत वर्म (स्क्रूसारखा गिअर). उंची फार कमी, त्यामुळे वर केबिन आणि बॉनेट रिकामं राहतं, तिथे वजन भरता येतं. ट्रामसाठीचं युनिट बरंच आखूड आहे, तुम्ही त्यावरूनच सुरुवात करा. बोग्यांमधलं अंतर जुळलं नाही तर चॅसी मधोमध कापायची, खाली पितळी पट्टी लावून हवी तेवढी लांब करायची आणि शाफ्टला पितळी नळीची बाही चढवायची. कमी करायचं असेल तर जरा जास्त विचार करून कापा कारण मोटरच्या जागेला हात लावता येत नाही. ही कापाकापी प्लास्टिकच्या चॅसीत होते, जस्ताच्या ओतीव चॅसीत करू नका. आणि जुनी ओतीव चॅसी विकत घेताना बारीक भेगा किंवा फुगवटा दिसला तर सोडून द्या, मिश्रधातूत शिशाची भेसळ असली की ती आतून खलास होत जाते, त्यावर औषध नाही.

तिसरी वाट म्हणजे एन गेजच्या एखाद्या छोट्या बोगीवाल्या डिझेलच्या फक्त बोग्या आणि वर्म घ्यायचे, बाकी फ्रेम स्वतःची. फ्रेमसाठी दीड मिमी पितळ, पुण्यात असाल तर बोहरी आळीत किलोवर मिळतं.

क्रम असा ठेवा की आधी चॅसी हातात, मग बॉडीचं ड्रॉइंग. लोक उलटं करतात, बॉडी छापून बसतात आणि मग चॅसी शोधत फिरतात. चॅसी दोन मिमी रुंद निघाली की सगळं बोंबललं.

गार्डाचा_डबा

@खटपट्या, इथे मतभेद. चॅसी आधी घेऊन तिच्या मापाने इंजिन बनवलं तर ते माथेरानचं इंजिन राहत नाही, माथेरानच्या रंगाची ट्राम होते. ड्रॉइंग आधी, त्यावरून बोगीचं आसअंतर (दोन आसांमधलं अंतर) काढा, मग त्याला जुळणारी यंत्रणा शोधा.

खटपट्या

@गार्डाचा_डबा, जुळणारी सापडेपर्यंत तुमची नातवंडं माथेरानला हनिमूनला जाऊन येतील. अर्धा मिमी इकडे तिकडे बाजूच्या फ्रेममागे लपतो. बोगीची बाजू वेगळी छापून वरून चिकटवायची, आतली चाकं कुठे आहेत ते तीन फुटांवरून ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

अण्णा_ओम

मी जरा वेगळं बोलतो. तयार चॅसी कशाला हवी? एन२० गिअर मोटर घ्या. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी दोन-चारशेत मिळते, ऑनलाइन तर ढिगाने. पुढून १२ बाय १० मिमी, ३ मिमीचा डी शाफ्ट, आणि आरपीएम तुम्ही निवडायचा.

हिशोब बघा. माथेरानची गाडी सव्वीस-तीसने धावत नाही, २० किमी प्रतितास म्हणजे डोक्यावरून पाणी. सेकंदाला ५.५६ मीटर. १:७६ मध्ये ते होतात ७३ मिमी. एन गेजचं चाक ७ मिमीचं धरा, परीघ २२ मिमी. ७३ भागिले २२ म्हणजे सेकंदाला ३.३ फेरे, मिनिटाला २००. आणि २०० आरपीएमची एन२० दुकानात तयार मिळते! १:८७ ला १७४ येतात, १:६८ ला २२३ च्या आसपास. काहीही घ्या, तीच मोटर चालते. तयार एन गेज चॅसी पूर्ण व्होल्टेजला बुलेट ट्रेनसारखी पळते कारण ती बनवलीच आहे लोकल आणि एक्सप्रेससाठी. तुम्ही नॉब आयुष्यभर पहिल्या पाव भागात ठेवणार आणि तिथेच ती अडखळते.

शाफ्टपासून आसाला फिरवण्यासाठी क्राउन गिअर (काटकोनात फिरवणारा), तो मिनी फोर डब्ल्यूडीच्या खेळण्यात मिळतो.

खटपट्या

अण्णा, गणित फर्स्ट क्लास. पण एन२० चे तीन वांधे आहेत ते पण सांगा की.

एक, आवाज. आत सरळ दात्यांची गिअरची उतरंड आहे, मिक्सरवर डाळ वाटायला घेतल्यागत वाजते. दोन, गाडी रुळावर असताना कुणी हाताने ढकलली तर आतला बारीक गिअर जातो, आणि घरात लहान पोरं असली की ती ढकलणारच. तीन, फ्लायव्हील (मोटरच्या शाफ्टवरची जड चक्री). तयार चॅसीत मोटर वेगात फिरते म्हणून फ्लायव्हीलमध्ये दम साठतो आणि रुळावरच्या घाणीवरून गाडी घरंगळत निघून जाते. एन२० च्या बाहेरच्या शाफ्टला फ्लायव्हील लावून काही होत नाही, तिथे वेगच नाही. मागून शाफ्ट बाहेर आलेली एन२० मिळते, लावायचं तर तिकडे लावा, पण मग लांबी वाढते.

आणि मॉड्यूल (गिअरच्या दातांचं माप) जुळवा बाबांनो. ०.३ चा वर्म आणि ०.४ चा गिअर सुरुवातीला फिरतात, गोडीगुलाबीने चालतात आणि मग एका संध्याकाळी दातांचा भुगा.

अण्णा_ओम

आवाज मान्य. पण माथेरानच्या डिझेलचा आवाज कुणी ऐकलाय का? एन२० त्यापुढे सतार आहे.

घरंगळण्यासाठी फ्लायव्हील नको, कॅपॅसिटर लावा. साधा डीसी असेल तर दिशा बदलताना घोळ होतो, त्यामुळे डीसीसी डिकोडर (रुळातून डिजिटल हुकूम घेणारं सर्किट) घेतलात तरच कीप अलाइव्ह (म्हणजे हाच कॅपॅसिटर) लावायचा. किंवा सरळ आत छोटी लिथियम बॅटरी आणि ईएसपी३२ (वायफायवाली चिप), मोबाइलवरून चालवा, रुळातून करंट घ्यायची भानगडच नको. १:८७ मध्ये बॅटरी कोंबणं कठीण आहे पण मागच्या डब्यात ठेवून दोन तारा पुढे आणता येतात.

एक सूचना. तुमच्या चॅसीत कोअरलेस मोटर (आत लोखंडी गाभा नसलेली) निघाली तर जुना कमी फ्रिक्वेन्सीचा पीडब्ल्यूएम (वीज झटक्याझटक्याने सोडणारा) कंट्रोलर लावू नका. ती गुणगुणते आणि तापते.

मेघना_थ्रीडी

वाचतेय, मजा येतेय. बॉडी आणि फ्रेमबद्दल माझे दोन पैसे.

बॉडी रेझिन प्रिंटरवर काढा. खिडक्यांच्या कडा, जाळ्या, हँडरेलची भोकं पीएलए मध्ये (साध्या थ्रीडी प्रिंटरचं प्लास्टिक) नीट येत नाहीत, थरांच्या रेषा दिसतात. पण फ्रेम रेझिनची नको, वर्मच्या खाली बेअरिंगची जागा असते तिथे टवका उडतो. फ्रेम पीएलए मध्ये काढाल तर मोटरला खेटून ठेवू नका, पीएलए साधारण ६० अंशांना मऊ पडतं. शिवाय मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर प्रदर्शनाला घेऊन गेलात तर पोचेपर्यंत केळं झालेलं असेल. त्यापेक्षा पीईटीजी प्लास्टिक बरं.

गिअरची मेशिंग बसवताना एक युक्ती, वर्म आणि गिअरच्या मध्ये कांद्याच्या पातळ सालीएवढा कागद ठेवून मोटर घट्ट करायची आणि मग कागद ओढून काढायचा. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पण चालतो. एवढी फट राहिली की दोन्ही मोकळे फिरतात. मोटरच्या स्क्रूची भोकं मात्र गोल नको, लांबट ठेवा, नाहीतर सरकवणार काय?

शेवटचा_बाक

इंजिनात कांद्याची साल, डब्यात वडापाव. पूर्ण महाराष्ट्रीय मॉडेल.

सोलापुरी_चटणी

@लीड्सकर, पाच टनांची माहिती भारी. बार्शीच्या ०-८-४ साठी एन गेजची कुठली चॅसी बसेल?

लीड्सकर

@सोलापुरी_चटणी, आठ चाकं जोडलेली आणि आखूड आसअंतर, अशी जुनी जर्मन एन गेजची टँक इंजिनं मिळतात का बघा. मागची चार चाकं म्हणजे नुसती ओढत न्यायची बोगी, तिला पिकअप (रुळातून करंट घेणारा संपर्क) म्हणून वापरा, फुकट फायदा. वळणासाठी मधल्या आसांना आडवी हालचाल ठेवा.

अवांतर पण याच ओळीत: माथेरानची मूळ वाफेची इंजिनं ऑरेनस्टाइन अँड कोपेलची ०-६-० टँक, नंबर ७३८ ते ७४१. तीव्र वळणांसाठी त्यांना क्लीन-लिंडनर आस होते. बाहेर पोकळ आस, त्याच्या पोटात भरीव आस, भरीवाला रॉड जोडलेले आणि चाकं पोकळावर, त्यामुळे टोकाची चाकं वळणात थोडी कलतात आणि रॉड मात्र सरळच राहतात. यातलं ७४० इकडे इंग्लंडात आलं. मॉडेलमध्ये ही करामत करायची गरज नाही, मधल्या चाकाची फ्लँज (आतल्या बाजूची बाहेर आलेली कडा) काढली की तीन आसांचं इंजिन निमूट वळतं.

वऱ्हाडी_ठेचा

अन् ग्वाल्हेरच्या राजाची चांदीची गाडी कोनी कशी काय काढली नाई अजून? जयविलास पॅलेसात जेवणाच्या टेबलावर चांदीचं इंजिन दारूच्या सुरया अन् सिगार घेऊन पाव्हण्यापुढं फिरे. म्हणतात सुरई उचलली की गाडी उभी. हे खरं मॉडेल. त्याईची खरी रेल्वे बी दोन फुटाचीच होती, माथेरानसारखी.

शेवटचा_बाक

म्हणजे ग्वाल्हेरच्या टेबलावर १:२० चढ नव्हता. चढ असता तर सुरई डब्यातून आधी टेबलावर आणि मग पाहुण्यावर.

खटपट्या

चढाचा विषय निघालाच आहे तर तो संपवू. डोंगरवाट, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गणितात आहे.

धातूची चाकं, निकेल सिल्व्हरचे रूळ, घसरण्याआधी इंजिन स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी ओढ देतं. इंजिन ६० ग्रॅमचं केलंत तर १२ ग्रॅम. आता १:२० चढावर स्वतःलाच वर न्यायला त्यातले ३ ग्रॅम गेले. उरले ९. डब्यांना चढाचे पाच टक्के अधिक घर्षणाचे तीनेक टक्के, म्हणजे आठ टक्के. ९ भागिले ०.०८ म्हणजे ११० ग्रॅमच्या आसपास. डबा २५ ग्रॅमचा असेल तर सरळ रुळावर चार डबे, आणि वळणावर तीनच धरा. डबे हलके ठेवा, खाली टोकदार आस आणि पितळी कप लावा, म्हणजे घर्षणातले टक्के कमी होतील.

पण हे सगळं चारही आसांना ताकद असेल तर. एकच बोगी फिरत असेल तर वजन अर्ध्यावर येतं आणि हिशोब कोलमडतो. म्हणून टीएम किंवा तत्सम युनिट घेताना दोन्ही बोग्यांत वर्म आहे ना हे आधी बघा. काही युनिटना चाकावर रबराचा टायर असतो, त्याने ओढ वाढते पण त्या चाकातून करंट मिळत नाही, चार चाकांतून घ्यायचा तिथे दोन-तीनच उरतात.

वजनासाठी मासेमारीचं शिसं किंवा पंक्चरवाल्याकडची टायर बॅलन्सिंगची वजनं. बोगीच्या बरोबर वर ठेवा, पुढच्या बॉनेटमध्ये सगळं कोंबलं तर मागची बोगी नुसती नाचते. शिसं हाताळून झालं की हात धुवा.

मेघना_थ्रीडी

पिकअपबद्दल कुणीच बोललं नाही. तयार बोगीतले पितळी पत्रे वाकडे झाले किंवा फ्रेम स्वतःची केली तर स्वतःच पिकअप करावे लागतात. फॉस्फर ब्राँझची बारीक तार हवी, ती सुटी मिळायला त्रास होतो. अकूस्टिक गिटारची फॉस्फर ब्राँझ तार आणा, तिच्यावर गुंडाळलेली बाहेरची तार उलगडली की हवी तशी मिळते. किंवा जुन्या रिलेतल्या पट्ट्या. चाकाच्या मागच्या बाजूला अगदी हलका स्पर्श, जोरात दाबली तर ती ब्रेकचं काम करेल. आठही चाकांवरून घ्या.

गार्डाचा_डबा

सगळं ठीक, पण मूळ वाद तसाच राहिला. एवढी मेहनत करून ७८३ मिमीच्या गेजवर माथेरान चालवणार?

मी आणखी एक पर्याय सुचवतो. १६.५ मिमीचा साधा एचओ रूळ घ्या. ६१० भागिले १६.५ म्हणजे १:३७. आणि १:३५ हे लष्करी किट्सचं स्केल, त्यात माणसं, पिंपं, जीप, दोरखंड, सगळं दुकानात मिळतं. १:३५ ला तो रूळ ५७७ मिमी होतो, खऱ्यापेक्षा ३३ मिमीच कमी, म्हणजे मॉडेलमध्ये एक मिमीसुद्धा नाही. शिवाय यंत्रणा मोठी, तेनशोदो कंपनीच्या मोटर बोग्या थेट बसतात. नावातच आसअंतर लिहिलेलं असतं, डब्ल्यूबी-२४.५, २६, ३१, ३५. मोटर बोगीतच, दोन घेतल्या, दोन्ही समांतर जोडल्या, संपलं. फ्रेम, शाफ्ट, वर्म काही नको. केबिनमध्ये ड्रायव्हर बसवून त्याच्या हातात चहाचा ग्लास देता येईल एवढं मोठं इंजिन होतं.

खटपट्या

पहिल्यांदाच पटलं तुमचं. फक्त त्या बोग्या एकाच वेळी, एकाच दुकानातून घ्या. एक नवी आणि एक जुनी अशी जोडी जमत नाही, एक ढकलते आणि दुसरी तिच्या अंगावर बसते. आणि बोगी हलकी असते, वजन वरून तिच्यावर यायला हवं. जुन्या मालाच्या नादात हॉर्न्बीची ०-४-० चॅसी मात्र घेऊ नका. स्वस्त मिळते, मोहात पडाल, पण ती अशी सुसाट सुटते की माथेरानच्या पहिल्या वळणावर जुम्मापट्टीच्या दरीत.

डोंगरवाट

सर्वांचे मनापासून आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

१:३५ चा विचार करून टेपने मोजून पाहिलं. माझ्याकडे भिंतीलगत साडेचार फूट बाय दीड फुटाची फळी आहे, तेवढीच बायकोने मंजूर केली आहे. १:३५ मध्ये त्यावर एक इंजिन, एक डबा आणि एक माकड मावेल, चढ आणि वळण विसरायचं. ९ मिमीत मात्र पेकोचा २२८ मिमी त्रिज्येचा सेटट्रॅक वापरून एका टोकाला अर्धं वळसं बसतंय, आणि त्याच्याखालून बोगदा.

त्यामुळे ९ मिमी पक्कं, आणि स्केल १:७६. १:८७ पेक्षा रूळ अरुंद दिसेल आणि माणसं, झाडं मिळतील. गार्डसाहेब, ७५ मिमी जास्त आहे, माफी असावी. चॅसी टीएमवाली, दोन्ही बोग्या चालत्या बघून. अण्णा, एन२० वाया घालवत नाही, तिच्यावर त्याच गेजचं साखर कारखान्याचं चार चाकी शंटर करेन म्हणतो. चाकं जुन्या चॅसीची आणि क्राउन गिअर खेळण्यातला.

एक शेवटचा प्रश्न. चॅसी बाहेरून मागवायची म्हणजे ड्यूटी आणि कुरियरवाल्याचं वरचं शुल्क धरून किंमत बरीच फुगते. कुणी जपानहून येणार असेल तर आणेल का? आणि बोग्यांमधलं अंतर कमी करायला चॅसी कापली तर शाफ्ट किती आखूड करायचा?

लीड्सकर

जपान नाही पण मी डिसेंबरात पुण्याला येतोय. इथल्या स्टॉलवर मिळालं तर बॅगेत टाकतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कोथरूडला जोशींचं लघु रेल्वे संग्रहालय बघायचंय, तिथेच भेटू.

सोलापुरी_चटणी

बॅगेत ०-८-४ साठीची आठ चाकी पण टाका हो.

खटपट्या

शाफ्टबद्दल: चॅसी जेवढी कापाल तेवढाच शाफ्ट, पण एका फटक्यात नको. आधी फ्रेम जोडून बोग्या बसवा, बोगी दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, शाफ्टची टोकं कपात किती आत-बाहेर होतात ते मार्करने खूण करा. सगळ्यात बाहेर आल्यावर कपात किमान दीड मिमी उरायला हवा आणि सगळ्यात आत गेल्यावर मोटरला ढुशी लागायला नको. या दोन खुणांच्या मध्ये कापा. कापताना करवत नको, डायमंड डिस्क वापरा आणि मोटरवर मास्किंग टेप गुंडाळा, नाहीतर लोखंडाचा भुगा चुंबकाला चिकटतो आणि मग मोटर कायमची खरखरते.

शेवटचा_बाक

बायकोने साडेचार फूट मंजूर केले हे वाचून डोळे पाणावले. आमच्याकडे ९ मिमीच मंजूर झालेत.